‘रेक्स’ : एका नकोशा झालेल्या शब्दाची कुळकथा

गोव्यातील किंवा वसईतील जुन्या चर्चमध्ये वेदीवरच्या क्रूसाकडे नीट पाहिले, तर ख्रिस्ताच्या मस्तकावर बहुधा एक छोटी पाटी दिसते. तिच्यावर रोमन लिपीतील चार अक्षरे असतात : आय, एन, आर, आय. ही चार लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. त्या शब्दांचा अर्थ ‘नाझरेथचा येशू, यहूद्यांचा राजा’. यांपैकी तिसरे अक्षर ज्या शब्दाचे आहे, तो शब्द म्हणजे ‘रेक्स’. योहानाच्या शुभवर्तमानात या पाटीविषयी एक लहानसा पण फार बोलका प्रसंग आहे. पाटीवरचा मजकूर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहिला होता. तो वाचून मुख्य याजकांनी रोमन अधिकारी पिलात याच्याकडे हरकत घेतली. ‘राजा’ असे लिहू नका, ‘आपण राजा आहोत असे हा म्हणाला’ असे लिहा, ही त्यांची मागणी. पिलाताने ती फेटाळली. लिहिले ते लिहिले, असे त्याचे म्हणणे. एका मृत्युदंडाच्या पाटीवर एका शब्दावरून वाद व्हावा, यावरून त्या शब्दाला त्या काळी किती धार होती हे लक्षात यावे.

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘राजा’ हा शब्द येतो. अनुवाद म्हणून त्यात काहीच उणे नाही. किंबहुना जगातील फार थोड्या भाषांना हा शब्द इतक्या नेमकेपणाने अनुवादित करता येईल, कारण ‘रेक्स’ आणि ‘राजा’ हे केवळ समानार्थी शब्द नाहीत, तर एकाच कुळातील आहेत. परंतु एका घरातून निघालेल्या दोन भावंडांचे आयुष्य सारखेच जाते असे नाही. एकाने रोममध्ये शिवीचे रूप घेतले. दुसरा आपल्याकडे देवादिकांपासून लाडक्या लेकरापर्यंत सर्वांना चिकटला. ‘ये रे माझ्या राजा’ असे आई लेकराला सहज म्हणते. प्रजासत्ताकाच्या काळातील रोमन बाईने आपल्या मुलाला चारचौघांत अशी हाक मारली असती काय? व्युत्पत्ती या दोन शब्दांचे नाते सांगते. त्यांचे प्राक्तन मात्र सांगत नाही. साहित्याच्या वर्गात शब्दाचे मूळ सांगितले की अर्थ हाती लागला, असा एक समज आपल्यात असतो. ‘रेक्स’ची कथा या समजाची चांगली परीक्षा घेते.

*

प्रथम नात्याविषयी. ‘रेक्स’ हे प्रथमेचे रूप. मूळ अंग ‘रेग्’. त्याला प्रथमेचा ‘स्’ लागून ‘रेग्-स्’ आणि त्याचा उच्चार ‘रेक्स’. द्वितीयेत ‘रेगेम्’ म्हणताना मूळचा ‘ग्’ पुन्हा प्रकट होतो. लॅटिनमधील या ‘ग्’च्या जागी संस्कृतात नियमाने ‘ज्’ येतो आणि लॅटिनमधील दीर्घ ‘ए’च्या जागी ‘आ’. म्हणजे ‘रेग्’ला संस्कृतात नेमके जुळणारे अंग ‘राज्’. आपण ‘राजा’ म्हणतो तो ‘राजन्’ या विस्तारित अंगापासून. परंतु ‘सम्राट्’, ‘विराट्’, ‘स्वराट्’ या शब्दांच्या शेवटी जे ‘राट्’ आहे ते ‘राज्’चेच प्रथमेचे रूप होय. ‘रेक्स’चा अगदी जवळचा सोबती शोधायचा झाला तर तो ‘राजा’पेक्षाही या ‘राट्’मध्ये सापडतो. स्त्रीलिंगी रूपेही लक्ष देण्याजोगी आहेत. लॅटिन ‘रेजीना’, संस्कृत ‘राज्ञी’ आणि तिच्यापासून आलेली आपली ‘राणी’, या तिन्हींत ‘न’कार आहे, प्राचीन आयरिश भाषेतील राणीवाचक शब्दातही तो आहे.

तिसरी शाखा केल्टिक. आयरिश भाषेत राजा म्हणजे ‘री’. गॉल प्रदेशातील नावांच्या शेवटी येणारे ‘रिक्स’ याच घराण्यातले. सीझरशी झुंजलेल्या वर्सिंगेटोरिक्सच्या नावात ते आपल्याला आजही ऐकू येते. जर्मन ‘राइश’ हा शब्दही अखेर या कुळातच जातो. पण तो वारशाने आलेला नाही, उसना आहे. ‘ए’चा ‘ई’ होणे हा केल्टिक भाषांचा विशेष. जर्मॅनिक शब्दात ती ‘ई’ दिसते, तेव्हा हा शब्द प्राचीन काळीच केल्टिक शेजाऱ्यांकडून घेतलेला असला पाहिजे असे अनुमान निघते. स्वतःच्या राजासाठी जर्मॅनिक भाषांनी वेगळाच शब्द घडवला. ‘किंग’ आणि ‘क्योनिश’ हे शब्द कुळ, वंश या अर्थाच्या शब्दावरून आले आणि त्यांचे धागे आपल्या ‘जन’ या धातूशी जुळतात.

म्हणजे हा शब्द मुख्यतः तीन ठिकाणी टिकला : इटली, केल्टिक पश्चिम आणि भारत. मधल्या ग्रीकांनी तो टाकला. त्यांचे ‘वानाक्स’ आणि ‘बासिलेउस’ हे शब्द ‘लिनिअर बी’ लिपीतील मृत्तिकापट्टांवरही आढळतात, पण त्यांचे मूळ इंडो-युरोपीय दिसत नाही. जोसेफ वाँद्रिए या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१८ साली या विचित्र भौगोलिक विभागणीकडे लक्ष वेधले. धर्म आणि विधी यांच्याशी निगडित असे अनेक जुने शब्द इंडो-युरोपीय प्रदेशाच्या दोन टोकांनाच उरले आहेत, मधल्या भाषांत ते लुप्त झाले आहेत. त्यांचे स्पष्टीकरण असे की, या दोन्ही टोकांना पुरोहितांच्या सबळ संस्था टिकून राहिल्या आणि त्यांनी हे शब्द जपले. तसे असेल तर ‘रेक्स’ हा शब्द तलवारीइतकाच मंत्रानेही राखला, असे म्हणावे लागेल.

*

मग त्याचा मूळ अर्थ कोणता? एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दकोशपर ग्रंथात याचे जे उत्तर दिले, ते फार गाजले. लॅटिनमध्ये ‘रेगेरे’ हे क्रियापद आहे : सरळ नेणे, दिशा देणे, आणि पुढे राज्य करणे. ‘रेक्तुस’ म्हणजे सरळ, योग्य. ‘रेगुला’ म्हणजे सरळ पट्टी, आणि पुढे नियम. ‘रेजिओ’ म्हणजे आखलेली दिशा, प्रदेश. इंग्रजी ‘राइट’ आणि जर्मन ‘रेष्ट’ हेही याच गोतावळ्यातले. आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे ‘ऋजु’. (मराठीतील ‘रेघ’ आणि ‘रेषा’ हे शब्द अर्थाने मोहात पाडतात, पण त्यांचा या कुळाशी संबंध नाही.) बेनव्हेनिस्त यांच्या मते ‘रेक्स’ हा मुळात हुकूम सोडणारा सत्ताधीश नव्हे. तो रेषा आखणारा : नगराची सीमा, पवित्र आणि अपवित्र यांच्यातील सीमा, उचित आणि अनुचित यांच्यातील सीमा. नांगराने रोमची हद्द आखणारा रोम्युलस आणि ती हद्द ओलांडली म्हणून मारला गेलेला रेमस, ही कथा या सिद्धान्ताला किती अनुकूल आहे, हे सांगायला नको.

सिद्धान्त सुंदर आहे, आणि सुंदर सिद्धान्तांबाबत थोडे सावध राहणेच बरे. अँड्र्यू सिहलर यांनी १९७७ साली आणि हार्टमुट शार्फ यांनी १९८५ साली वैदिक पुरावा पुन्हा तपासला. ऋग्वेदातील ‘राज्’ हे नाम ‘राजा’ या अर्थाचे आहे की ‘सत्ता, सामर्थ्य’ अशा अर्थाचे, हा त्यातील कळीचा प्रश्न. ते ‘सामर्थ्य’वाचक असेल, तर ‘सरळ रेषा आखणारा’ या आदिम राजाचे चित्र डळमळते. मग कदाचित प्रत्येक शाखेने आपापला राजा स्वतंत्रपणे घडवला असेल. शब्दांचे नाते तरीही शाबूत राहते, पण त्या नात्यावरून उभी केलेली संस्था मात्र तितकी निश्चित राहत नाही. एका धातूवरून एक अख्खा समाज उभा करण्याचा मोह किती बळकट असतो, याचे हे उदाहरण होय.

*

रोममध्ये मात्र आपण थोड्या टणक भूमीवर येतो. परंपरेनुसार इ. स. पू. ७५३ ते ५०९ या काळात रोमवर सात राजांनी राज्य केले. रोम्युलस हा पहिला आणि उद्दाम तार्क्विनिउस हा सातवा. या कथांतील बराच भाग आख्यायिकेचा आहे. पण राजे होऊन गेले, यास दगडाची साक्ष आहे. १८९९ साली जाकोमो बोनी यांना रोमच्या फोरममध्ये काळ्या फरशीखाली एक खंडित शिलालेख सापडला. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेला हा लेख दगडावरील सर्वांत जुन्या लॅटिन लेखांपैकी एक. त्याच्या ओळी बैल नांगरताना वळतो तशा एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे जातात. त्याचा पूर्ण अर्थ आजही लागत नाही. परंतु त्यात ‘राजाला’ किंवा ‘राजासाठी’ या अर्थाचे ‘रेकेइ’ हे चतुर्थीचे रूप स्पष्ट वाचता येते. फोरममध्येच ‘रेजिआ’ नावाची वास्तू होती. तेथे सापडलेल्या एका काळ्या मृत्पात्राच्या तुकड्यावर ‘रेक्स’ ही तीन अक्षरे कोरलेली आहेत.

इ. स. पू. ५०९ साली, असे परंपरा सांगते, तार्क्विनिउसच्या मुलाने लुक्रेशियावर बलात्कार केला, तिने प्राणत्याग केला आणि ब्रूटसच्या नेतृत्वाखाली रोमनांनी राजाला हाकलून दिले. राजा गेला, पण देवांचे काय? काही यज्ञ असे होते की ते राजानेच करायचे. राजा नसेल तर ते अडणार आणि देव रुष्ट होणार. रोमनांनी यावर काढलेला तोडगा त्यांच्या व्यवहारी स्वभावाला साजेसा होता. त्यांनी ‘रेक्स साक्रोरुम’, म्हणजे ‘पवित्र विधींचा राजा’, असे एक पद ठेवले. हा राजा जन्मभर राजा. त्याची पत्नी राणी. पण त्याला कोणतेही राजकीय पद भूषवता येत नसे. राजेपण शिल्लक होते आणि राज्य नव्हते. इ. स. पू. १८० मध्ये दोलाबेल्ला नावाच्या एका गृहस्थाची या पदासाठी निवड झाली, तेव्हा त्याने आपले आरमारी अधिकारपद सोडण्यास साफ नकार दिला. वाद लोकसभेपर्यंत गेला. शेवटी अशुभ शकुनाचे निमित्त झाले, त्याला वगळण्यात आले आणि दुसरा ‘राजा’ नेमला गेला. राजा होण्यापेक्षा जहाजांवरची नेमणूक बरी, असे एका प्रतिष्ठित रोमनाला वाटावे, इतके ते राजेपण पोकळ झाले होते. दरवर्षी २४ फेब्रुवारीला ‘रेजिफुजिउम’ नावाचा, म्हणजे ‘राजाच्या पलायनाचा’ दिवस येई. त्या दिवशी हा विधिराजा यज्ञ करून सभास्थानातून पळून जात असे.

सत्ता गेल्यावर राजा देवळाच्या आश्रयाने उरतो, ही गोष्ट मराठी वाचकाला एका शब्दापुरती तरी परिचित आहे. ‘राजकुल’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून आपल्याकडे ‘राऊळ’ आला. मूळ अर्थ राजवाडा, राजाचे घर. पण आज ‘राऊळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देऊळ उभे राहते. रोममधील ‘रेजिआ’चेही असेच झाले. नावाने ती राजाची वास्तू. प्रत्यक्षात प्रजासत्ताकाच्या काळात ती प्रमुख पुरोहिताच्या अखत्यारीतील विधिस्थान होती. दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत. आपल्याकडे राजा हाकलला गेला नव्हता, तर देवालाच राजाचे उपचार लाभले होते. फळ मात्र सारखे दिसते, आणि म्हणूनच केवळ फळावरून कारणाचा निर्णय करू नये.

*

प्रजासत्ताकात ‘रेक्स’ हा शब्द राजकीय शस्त्र झाला. तार्क्विनिउसला हाकलल्यानंतर रोमन लोकांना राजा हे नावही ऐकवत नसे, असे सिसेरोने लिहून ठेवले आहे. परकीय राजांना ‘रेक्स’ म्हणण्यास अडचण नव्हती. स्वकीयाला म्हणणे म्हणजे त्याच्या मृत्यूची तजवीज करणे. स्पुरिउस माएलिउसने दुष्काळात लोकांना धान्य वाटले. तो राजा होऊ पाहतो, असा आरोप झाला आणि इ. स. पू. ४३९ मध्ये त्याला ठार मारण्यात आले. इ. स. पू. १३३ मध्ये तिबेरिउस ग्राक्खुसने गर्दीत आपल्या जिवाला धोका आहे हे सुचवण्यासाठी डोक्याला हात लावला. शत्रूंनी त्याचा अर्थ ‘मुकुट मागतो आहे’ असा केला, आणि त्याच दिवशी तो मारला गेला. येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. ज्यांच्यावर हा आरोप झाला ते पुष्कळदा गरिबांच्या बाजूने उभे राहणारे होते, आणि आरोप करणारे श्रीमंत सरदार होते. ‘राजा नको’ ही घोषणा स्वातंत्र्याची होती, हे खरे. पण ती कोणाच्या स्वातंत्र्याची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शब्दाचा तिरस्कार नेहमीच लोकांच्या हिताचा असतो असे नाही.

सीझरची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; तिच्यातील शब्दांची गंमत मात्र सहसा सांगितली जात नाही. इ. स. पू. ४४ च्या जानेवारीत तो नगरात परतत असता गर्दीतून कोणी त्याला ‘रेक्स’ म्हणून हाक मारली. आपण रेक्स नव्हे, सीझर आहोत, असे त्याने उत्तर दिले. हे उत्तर दुहेरी होते, कारण ‘रेक्स’ हे रोममध्ये आडनावही होते. सीझरची आजी मार्किया याच ‘रेक्स’ आडनावाच्या घराण्यातली. म्हणजे त्याच्या उत्तराचा वरवरचा अर्थ एवढाच की, ‘तुम्ही माझे आडनाव चुकलात’. १५ फेब्रुवारीला लुपेर्कालियाच्या उत्सवात अँटनीने त्याच्यापुढे राजचिन्ह धरले. सीझरने ते नाकारले. १५ मार्चला त्याचा खून झाला. पुढे त्याच्या वारसाने हा शब्द कटाक्षाने टाळला. ऑगस्टस स्वतःला ‘प्रिन्केप्स’, म्हणजे पहिला नागरिक, म्हणवीत असे. अधिकार मात्र कोणत्याही राजाला हेवा वाटावा असे होते. आणि इतिहासाने यावर शेवटचा शब्द असा उच्चारला की, ‘मी रेक्स नव्हे, सीझर’ म्हणणाऱ्याचे नावच राजाचा पर्याय झाले : जर्मन ‘कायझर’, रशियन ‘झार’, अरबी-फारसी ‘कैसर’. योहानाच्या शुभवर्तमानात, पाटीच्या प्रसंगाच्या थोडेच आधी, तेच याजक पिलाताला सांगतात की कैसरावाचून आम्हांला दुसरा राजा नाही. सीझरने केलेला भेद तोवर पुसला गेला होता.

या ठिकाणी प्राचीन भारतातील एका व्यवस्थेची आठवण होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात काही संघांना ‘राजशब्दोपजीवी’ म्हटले आहे. लिच्छवी, वृजी, मल्ल इत्यादी संघांतील लोक ‘राजा’ या पदवीवर जगतात, असा त्याचा अर्थ. पाली जातककथांत वैशालीच्या अशा राजांची संख्या ७७०७ सांगितली आहे. आकडा अर्थातच शोभेचा आहे. पण त्यामागील कल्पना विचार करण्याजोगी आहे. एकाच माणसाची सत्ता नको, हा प्रश्न रोमपुढेही होता आणि वैशालीपुढेही. रोमने ‘राजा’ हा शब्द निषिद्ध ठरवला. वैशालीने तो सर्व कुळप्रमुखांत वाटून टाकला. एकाने शब्दाला हद्दपार केले, दुसऱ्याने त्याचे अवमूल्यन केले. दोन्ही ठिकाणी सत्ता मूठभर कुळांच्याच हाती होती, हेही विसरता कामा नये.

*

साहित्यात या शब्दाला आणखी काही छटा आल्या. प्लाउतुसच्या सुखात्मिकांमधील आयतोबा जेवू घालणाऱ्या धनिकाला ‘रेक्स’ म्हणतो. आपल्याकडे खुशामती माणूस ‘राजे’ म्हणतो तसेच हे. नेमीच्या अरण्यात डायानाचा पुजारी ‘अरण्याचा राजा’ म्हणवला जाई. तो पळून आलेला गुलाम असे, पूर्वीच्या पुजाऱ्याला मारून तो त्या पदावर येई आणि तसाच एक दिवस मारला जाई. जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली आपल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाची सुरुवात याच राजापासून केली.

पण साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘रेक्स’ भेटतो तो प्रामुख्याने ‘ईडिपस रेक्स’ या नावात. सोफोक्लीसच्या नाटकाचे हे नाव लॅटिन आहे. ग्रीक परंपरेतील नाव ‘ओइदिपूस तीरान्नोस’. ‘तीरान्नोस’चा त्या काळचा अर्थ केवळ जुलमी शासक असा नव्हता, वंशपरंपरेने नव्हे, तर स्वतःच्या कर्तृत्वाने किंवा बळाने सत्तेवर आलेला तो ‘तीरान्नोस’. नाटकाची सारी भयानकता या शब्दात दडलेली आहे. थीब्जचे लोक ईडिपसला बाहेरून आलेला, बुद्धीच्या बळावर सिंहासन मिळवलेला शासक समजतात. शोध जसजसा पुढे जातो तसतसे उघड होते की तो लाइअसचा पुत्र, म्हणजे जन्मसिद्ध राजा आहे. आणि हा वारसा सिद्ध होणे हाच त्याचा सर्वनाश. लॅटिन ‘रेक्स’ने हा पेच पहिल्याच पानावर सोडवून टाकला. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी अनुवादाचे ‘राजा ओयदिपौस’ हे नाव भारदस्त आहे आणि ओठांवर चांगले बसते. परंतु ‘राजा’ या शब्दातही तो पेच मावत नाही. हा अनुवादकाचा दोष नव्हे. आपल्या भाषेत वारशाचा राजा आणि कमावलेला राजा यांना वेगळे शब्दच नाहीत. वर्गात हे नाटक शिकवताना शीर्षकावर पाच मिनिटे जास्त खर्च झाली तर ती वाया जाणार नाहीत.

*

आता व्युत्पत्तीकडे पुन्हा वळू. पण आधुनिक भाषाशास्त्रज्ञांच्या नव्हे, तर प्राचीनांच्या. यास्काने निरुक्तात ‘राजा’ हा शब्द ‘राज्’, म्हणजे शोभणे, प्रकाशणे, या धातूशी जोडला. महाभारताच्या शांतिपर्वात पृथू राजाच्या कथेत वेगळे उत्तर येते : त्याने प्रजेचे रंजन केले म्हणून तो राजा. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे वर्णन करताना हीच कल्पना घेतली. चंद्र आल्हाद देतो म्हणून, सूर्य तापतो म्हणून आणि रघू प्रजेला संतुष्ट करतो म्हणून आपापल्या नावाला सार्थ ठरतात, असा त्याचा आशय. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘रञ्ज्’पासून ‘राजन्’ सिद्ध करणे टिकणार नाही.

रोमनांकडेही असेच घडले. होरेसने मुलांच्या एका खेळाचा उल्लेख केला आहे. जो नीट वागेल तो राजा होईल, असे मुले त्यात म्हणत. म्हणजे ‘रेक्स’ आणि ‘रेक्ते’ या दोन शब्दांचा मेळ. पाचव्या शतकात ऑगस्टीनने, आणि पुढे इ. स. ६३६ साली निधन पावलेल्या सेव्हिलच्या इसिदोरने, राजा हे नाव ‘रेगेरे’वरून आले असे सांगितले. इसिदोरने त्यातून एक निष्कर्षही काढला : राजा योग्य वागला तरच ते नाव त्याचे, चुकला तर ते त्याने गमावले. येथे योगायोगाने शास्त्रही प्राचीनांच्या बाजूला आहे, कारण ‘रेक्स’ आणि ‘रेक्तुस’ यांचे नाते खरोखरीच असावे असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात.

म्हणजे इसिदोरची व्युत्पत्ती बरीचशी ‘खरी’ आणि शांतिपर्वातील ‘खोटी’. पण दोघांनी केलेले काम एकच होते. राजाच्या नावातच राजावरची अट बसवून ठेवायची, म्हणजे ती अट मोडणारा आपोआप नावाला अपात्र ठरेल. ज्या काळात राजाला पदच्युत करण्याची कोणतीही घटनात्मक सोय नव्हती, त्या काळात विद्वानांच्या हाती एवढेच शस्त्र होते. ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणून आपण ज्यांची वासलात लावतो, त्या अनेकदा राजनीतीच्या संहिता असतात. त्या तपासताना धातू बरोबर की चूक, एवढाच प्रश्न विचारणे अपुरे आहे. ही व्युत्पत्ती सांगणाऱ्याला कोणाला बांधून ठेवायचे होते, हाही प्रश्न विचारावा लागतो. सतराव्या शतकात स्कॉटलंडच्या सॅम्युएल रदरफोर्ड यांनी आपल्या ग्रंथाला ‘लेक्स, रेक्स’ असे नाव दिले (१६४४). कायदा हाच राजा, असा त्याचा रोख. एका अक्षराच्या फरकाने केलेला हा युक्तिवाद त्याच जुन्या परंपरेतला आहे.

*

शेवटी, हा लॅटिन शब्द आपल्या दारी कसा आला ते पाहू. पहिल्यांदा तो पोर्तुगीज वेशात आला. लॅटिन ‘रेगेम्’चे पोर्तुगीजमध्ये ‘रेइ’ झाले. मांडवीच्या उत्तर तीरावरील ‘रेइश मागुश’ या किल्ल्याच्या आणि चर्चच्या नावात त्याचे अनेकवचन आहे : येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी राजे. पोर्तुगीज राजाचा प्रतिनिधी तो ‘व्हीसे-रेइ’. मराठी ऐतिहासिक कागदपत्रांत त्याचा ‘विजरई’ झाला. मराठा राजाचे कारभारी गोव्याच्या विजरईशी पत्रव्यवहार करीत, तेव्हा एकाच कागदावर ‘राजा’ आणि ‘रई’ हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले भाऊबंद समोरासमोर येत. लिहिणाऱ्याला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मग इंग्रज आले. १८७७ साली व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद घेतले आणि हिंदुस्थानासाठी तिला ‘कैसर-इ-हिंद’ ही पदवी योजली गेली : ‘रेक्स नव्हे’ म्हणणाऱ्या सीझरचे नाव, फारसी वळणाने. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यात फिर्यादी पक्षाचे नाव ‘क्वीन एम्प्रेस’ असे होते. १९०८ साली ‘एम्परर’. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक व्याख्यानांवरून पुन्हा कारवाई झाली. त्या व्याख्यानांत टिळकांनी राजा आणि नोकरशाही यांत भेद केला होता. राजा राहू द्या, कारभारी बदला, असा त्यांचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी निकाल त्यांच्या बाजूने दिला. ‘स्वराज्य’ या शब्दात जो ‘राज्’ आहे तोच ‘रेक्स’मध्ये आहे, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. एकाच धातूचा एक शब्द ज्यांच्या राजमुद्रेवर होता, त्यांच्याच न्यायालयात त्याच धातूचा दुसरा शब्द आरोपी म्हणून उभा होता.

ब्रिटनमध्ये फौजदारी खटल्यांच्या शीर्षकातील ‘आर’ हे अक्षर आजही टिकून आहे. ८ सप्टेंबर २०२२ रोजी एलिझाबेथ राणीचे निधन झाले आणि त्या अक्षराचा अर्थ एका दिवसात ‘रेजीना’चा ‘रेक्स’ झाला. अक्षर तेच राहिले. आणि आजच्या शाळकरी मुलांना हा शब्द प्रथम भेटतो तो हेन्री ऑसबर्न यांनी १९०५ साली नाव दिलेल्या ‘टायरॅनोसॉरस रेक्स’ या डायनोसॉरच्या रूपाने. त्या एका नावात ग्रीकांचा ‘तीरान्नोस’ आणि रोमनांचा ‘रेक्स’ हे दोघेही आहेत, आणि दोघेही नामशेष प्राण्याला चिकटले आहेत.

असो. ‘रेक्स म्हणजे राजा’ हे शब्दकोशातील उत्तर चुकीचे नाही. ते फक्त फार लवकर संपते. शब्दाचे मूळ आपल्याला त्याचे गोत सांगते. त्याचा अर्थ मात्र त्या त्या समाजाने त्याच्यापुढे धरलेल्या भीतीत आणि आशेत असतो. रोमनांनी तो उच्चारताच खंजीर उपसले. वैशालीने तो वाटून घेतला. इसिदोर आणि व्यास यांनी त्यात अट घातली. क्रूसावरच्या पाटीवर तो उपहासाने लिहिला गेला, आणि ज्यांनी त्या पाटीपुढे गुडघे टेकले त्यांनी तो सरळ अर्थाने वाचला. पिलाताने एक अक्षरही बदलले नव्हते.